उन्हाची झळ आणि विजेची चाल

(प्रशालेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली प्रशाला ही व्याख्यानमाला चालवते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले. मराठीच्या अध्यापकाला या व्यासपीठावर पाचारण करताना संयोजकांनी विषयाची पूर्ण मोकळीक दिली. साहित्यातला एखादा विषय घेतला असता तर तो अपेक्षितच ठरला असता. परंतु गुरुजींच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानातून पदार्थविज्ञानाला वगळणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून आजचा विषय मोटारीचा आहे. प्रखर उन्हाळ्यात प्लग-इन हायब्रिड मोटारीच्या विजेवर चालण्याचे काय होते, असा तो विषय.

भाषेच्या अभ्यासकाला येथे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल. काम एवढेच, की ‘ही गाडी विजेवर साठ किलोमीटर चालते’ हे एक विधान आहे. विधान कोणत्या परिस्थितीत खरे ठरते आणि कोणत्या परिस्थितीत त्याचा अर्थ आटतो, हे पाहणे हा आमचा व्यवसायच होय. आपल्या ग्वाल्हेरात मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. अशा गावात हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा थोडा अधिकच आहे.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते पाहू. साध्या हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही यंत्रे असतात, पण तिची बॅटरी लहान असते आणि ती गाडी चालता चालताच चार्ज होते. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी त्याहून मोठी असते आणि ती घरच्या प्लगला जोडून चार्ज करता येते. रोजचा जवळचा प्रवास निव्वळ विजेवर व्हावा आणि लांबच्या प्रवासाला इंजिन हाताशी असावे, ही यामागची कल्पना. चीनमधील बीवायडी कंपनीने २००८ च्या डिसेंबरात अशी गाडी विक्रीस आणली. अमेरिकेत २०१० च्या डिसेंबरात शेव्हरोले व्होल्ट ही गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिची बॅटरी १६ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेत १६ युनिटांची होती आणि अमेरिकी सरकारच्या मोजणीप्रमाणे ती निव्वळ विजेवर ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर जात असे. आपल्या देशात या जातीच्या गाड्या अजून थोड्या आणि महागड्या आहेत. म्हणून उदाहरणासाठी आपल्याला अशा ठिकाणी जावे लागेल, जिथे या गाड्याही आहेत आणि ऊनही आपल्या तोडीचे आहे. असे ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहर.

फिनिक्स वाळवंटात वसलेले आहे. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस तेथील कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक राहिले. त्या जुलै महिन्याचे दिवसरात्र मिळून सरासरी तापमान ३९ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक होते. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. दुपारच्या उन्हाचे आपल्याला भय वाटते. पण रात्रीही निवणे नाही, ही यंत्राच्या दृष्टीने अधिक कठीण अवस्था. दिवसा तापलेल्या बॅटरीला निवायला जी रात्र हवी, ती रात्रच तिला मिळत नाही.

आता उन्हाचा परिणाम विजेवरच्या चालीवर कसा होतो ते क्रमाने पाहू. येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. नुसती उष्णता गाडीची चाल फारशी कमी करत नाही. तापलेली हवा विरळ असते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते आणि गाडीला होणारा हवेचा अडथळाही तेवढाच घटतो. वंगण पातळ राहते, टायरांचे घर्षण कमी होते. चाल कमी होते ती मुख्यतः माणसाला आणि बॅटरीला थंड ठेवण्याच्या खर्चामुळे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेने २०१९ साली निव्वळ विजेवर चालणाऱ्या पाच गाड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. ३५ अंश सेल्सिअस तापमानाला वातानुकूलन बंद ठेवले असता त्यांचा पल्ला सरासरी ४ टक्क्यांनी घटला. तेच वातानुकूलन चालू ठेवल्यावर घट १७ टक्क्यांवर गेली. त्या गाड्या हायब्रिड नव्हत्या, हे खरे. परंतु बॅटरी, मोटर आणि थंडावा यांचा हिशेब दोहोंकडे एकाच पद्धतीने मांडावा लागतो.

तो हिशेब आपण फळ्यावर मांडावा तसा मांडू. समजा, एका प्लग-इन हायब्रिडच्या बॅटरीतील १० युनिटे वापरता येतात आणि चाके फिरवण्यासाठी १०० किलोमीटरला १६ युनिटे लागतात. म्हणजे वातानुकूलन बंद असताना गाडी विजेवर सुमारे ६२ किलोमीटर जाईल. आता प्रखर उन्हात वातानुकूलनाला सरासरी २ किलोवॅट वीज लागते असे धरा. म्हणजे दर तासाला २ युनिटे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटर जायला एक तास चाळीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात थंडाव्याला सव्वातीन युनिटांहून थोडी अधिक वीज लागेल आणि पल्ला ६२ वरून ५२ वर येईल. पण शहरातल्या गर्दीत हीच गाडी ताशी २० किलोमीटरने सरकत असेल, तर तेच अंतर कापायला पाच तास लागतील, थंडावा एकटाच १० युनिटे घेईल आणि पल्ला ३८ किलोमीटरवर येईल. ऊन तेच, गाडी तीच, बॅटरीही तीच. बदलला तो फक्त वेग.

या लहानशा गणितात एक मर्माची गोष्ट आहे. चाकांची भूक किलोमीटरांवर मोजली जाते. थंडाव्याची भूक तासांवर. म्हणून संथ वाहतुकीत उन्हाचा कर सर्वांत जड पडतो. आणि नेमकी शहरातली संथ वाहतूक हीच तर विजेवरच्या चालीची खरी जागा! ज्या गर्दीत इंजिन बंद राहावे म्हणून ही गाडी घडवली, त्याच गर्दीत ऊन तिची वीज सर्वांत लवकर संपवते.

पेट्रोलच्या गाडीतही वातानुकूलनाला इंधन लागतेच, मग विजेचेच कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर साठ्यात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. म्हणजे आपल्या उदाहरणातील अख्खी बॅटरी ही लिटर-सव्वा लिटर पेट्रोलच्या बरोबरीची. मोटर ती ऊर्जा फार काटकसरीने वापरते, म्हणून एवढ्याशा शिदोरीवर ६० किलोमीटर जाता येते. इंजिन मात्र आपल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. पण शिदोरीच लहान असली म्हणजे तिच्यातून तासाला दोन युनिटे काढणे डोळ्यांत भरते. चाळीस लिटरांच्या टाकीत तो खर्च कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यातून गाडी उन्हात उभी असली म्हणजे पहिला खर्च अधिकच मोठा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी ४० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले, आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. तो अभ्यास गाडीत राहिलेल्या मुलांच्या जिवाच्या काळजीने केलेला होता; पण त्यातून आपल्यालाही बोध होतो. तापलेली आसने, काचा आणि पत्रा आधी निववावा लागतो, तेव्हा कुठे आतली हवा निवते.

हे झाले माणसाच्या थंडाव्याचे. दुसरा प्रश्न बॅटरीच्या स्वतःच्या तापमानाचा. लिथियम-आयन बॅटरीला साधारणपणे माणसाला मानवणारे तापमानच मानवते. १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ती सुखात असते. वीज देताना आणि घेताना ती स्वतःही तापते. ही उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे गुरुजींच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी निव्वळ विजेच्या गाडीच्या मानाने लहान, पण गाडीला वेग देण्याची शक्ती तिच्याकडूनही जवळजवळ तेवढीच मागितली जाते. साहजिकच तिच्या प्रत्येक घटावर अधिक ताण येतो आणि तो घट अधिक तापतो. चार माणसांचे ओझे दोघांनी वाहावे, तसे हे आहे.

तापमान मर्यादेबाहेर गेले, की गाडीतील नियंत्रक बॅटरीच्या रक्षणासाठी तिच्याकडून घेतली जाणारी वीज कमी करतो. निव्वळ विजेची गाडी अशा वेळी मंदावते. चालकाला ते ताबडतोब कळते. प्लग-इन हायब्रिड मात्र मंदावत नाही. तिचे इंजिन सुरू होते. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत हे स्पष्ट शब्दांत छापलेले असते, की गाडी उन्हात उभी राहिल्याने, चढावर किंवा फार वेगाने चालवल्याने यंत्रणा तापलेली असेल, तर विजेवर चालण्याची सोय मिळणार नाही. हा काही दोष नव्हे; यंत्राचे हे शहाणपणच आहे. पण माहितीपुस्तिकेतले हे वाक्य आणि जाहिरातीतले ‘विजेवर साठ किलोमीटर’ हे वाक्य यांची गाठ क्वचितच पडते.

आता तिसरा परिणाम. तो मंद आहे, म्हणूनच अधिक गंभीर आहे. बॅटरीच्या ग्राफाइटच्या अग्रावर पहिल्या काही वापरांतच एक अतिसूक्ष्म थर तयार होतो. तो आवश्यकच असतो, कारण आतील द्रावाचे आणखी विघटन तो रोखतो. परंतु तो हळूहळू जाड होत राहतो आणि दर वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. अडकलेले लिथियम पुन्हा वीज वाहत नाही. तेवढी बॅटरीची क्षमता घटते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. रसायनशास्त्रातील स्थूल नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले, की अशा क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. त्या हिशेबाने २५ अंशांची सावली आणि ४५ अंशांचे अंगण यांत चौपटीचा फरक पडू शकतो. त्यातही बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि गाडी उन्हात नुसती उभी असेल, तर झीज अधिक. चालवले म्हणजेच झिजते, हा समज येथे खरा ठरत नाही.

या मंद झिजेचे प्रसिद्ध उदाहरण अ‍ॅरिझोनातच घडले. निसान लीफ ही निव्वळ विजेवर चालणारी गाडी. तिच्या २४ युनिटांच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात तेथील काही मालकांच्या ध्यानात आले, की बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा रेषांपैकी काही रेषा पुष्कळ लवकर मावळल्या आहेत. त्यांनी आवाज उठवला, कंपनीने गाड्या तपासल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्षमतेचीही हमी जाहीर केली: पाच वर्षे किंवा ६० हजार मैल यांच्या आत क्षमता नऊ रेषांच्या खाली गेली, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. पुढे २०१५ च्या गाडीत उष्णता अधिक सोसणारी बॅटरीही आली. शेव्हरोले व्होल्टच्या कर्त्यांनी मुळातच दुसरा मार्ग धरला होता. त्यांनी घटांच्या मधून थंड द्रव खेळवला, आणि १६ युनिटांपैकी सुमारे दहाच युनिटे वापरायला मोकळी ठेवली. उरलेली राखून ठेवल्यामुळे बॅटरी कधी काठोकाठ भरत नसे आणि कधी तळही गाठत नसे. जपून खर्च करणाऱ्या जुन्या गृहिणीची ही रीत होती.

या दोन गाड्या शेजारी ठेवल्या, की आजच्या व्याख्यानाचा जो मुख्य मुद्दा आहे तो हाती येतो. लीफच्या मालकांना झीज कळली, कारण ती त्यांना टोचली. पल्ला घटला, घरी पोहोचण्याची धास्ती वाटू लागली, म्हणून ते बोलले. ते बोलले म्हणून हमी मिळाली आणि बॅटरी सुधारली. प्लग-इन हायब्रिडमध्ये असे टोचणारे काहीच नाही. विजेचा पल्ला साठाचा पन्नास झाला, पन्नासाचा चाळीस झाला, तरी कोणी रस्त्यात अडकत नाही. इंजिन निमूटपणे उणीव भरून काढते. महिन्याकाठी पेट्रोल थोडे अधिक लागते, एवढेच. आणि पेट्रोलचा भाव वाढला की घटला, या गडबडीत तेवढे कोण मोजतो? जी सोय चालकाला निर्धास्त करते, तीच सोय उन्हाचे नुकसान झाकते. विजेची चाल कमी झाली याची तक्रार करणारा साक्षीदारच उरत नाही.

हे नुकसान केवळ मालकाच्या खिशाचे असते, तर त्यासाठी आपला एवढा वेळ मी घेतला नसता. भर उन्हाच्या स्तब्ध दुपारी, वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर आणि इंधनाच्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना बाधक असतो, आणि तो तापलेल्या दिवशीच अधिक होतो. म्हणजे ज्या दिवशी शहराच्या हवेला बंद इंजिनाची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवशी हे इंजिन सुरू होण्याचा संभव सर्वांत अधिक. सरकारे या गाड्यांना करांत सवलत देतात ती स्वच्छ हवेसाठी. त्या सवलतीचा मोबदला जूनच्या दुपारी मिळतो की नाही, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत अंतर किती पडू शकते, याचा दाखला युरोपात मिळाला. युरोपीय आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२१ साली नोंदवलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट असल्याचे त्यात दिसून आले. त्याचे कारण ऊन नव्हे. लोक गृहीत धरले होते त्याहून फार कमी वेळा गाड्या चार्ज करत होते आणि विजेवर चालवत होते, हे होते. पण तो फरक उघड कसा झाला, ते पाहा. नव्या गाड्यांत इंधनाचा प्रत्यक्ष खर्च नोंदवणारे यंत्र बसवणे तेथे सक्तीचे केले होते. साक्षीदार नेमला, तेव्हा सत्य कळले. त्यानंतर २०२५ पासून तेथे नव्या मान्यतेच्या गाड्यांसाठी मोजणीची गृहीतकेही कडक झाली.

मोजणीतले तापमान हाही विचार करण्याजोगा भाग आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या सुसंवादी चाचणीपद्धतीत प्रयोगशाळेचे तापमान २३ अंश सेल्सिअस ठेवतात. अमेरिकेच्या मोजणीत ३५ अंशांना, कृत्रिम उन्हात, वातानुकूलन चालू ठेवून करावयाची एक स्वतंत्र चाचणीही आहे. ४५ अंशांचा गाव मात्र या दोहोंतही बसत नाही. मला यातून कोणावर खोटेपणाचा आरोप करायचा नाही. २३ अंशांना मोजलेला आकडा २३ अंशांना खराच असतो. अर्थाचा घोटाळा होतो तो अट गळून पडते आणि आकडा एकटाच उरतो तेव्हा. संदर्भावाचून उचललेले वाक्य आणि तापमानावाचून छापलेला पल्ला हे एकाच जातीचे अपुरे सत्य होय. गाडीच्या कागदावर एका आकड्याऐवजी तीन आकडे छापावेत, २३ अंशांचा, ३५ अंशांचा आणि ४५ अंशांचा. आणि दरवर्षीच्या तपासणीत बॅटरीची उरलेली क्षमताही मालकाला लिहून द्यावी. ही मागणी अवघड नाही. यंत्राला हे सारे ठाऊकच असते. ते आपल्याला सांगितले जात नाही, इतकेच.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा पुढे येईल, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. गाडी सावलीत उभी करावी; उन्हाळ्यात सावली हे बॅटरीचे औषध आहे. निघण्यापूर्वी, गाडी प्लगला जोडलेली असतानाच ती आतून थंड करून घ्यावी, म्हणजे पहिला मोठा खर्च शिदोरीतून न होता घरच्या विजेतून होतो. रात्री उशिरा चार्ज सुरू करावा, म्हणजे बॅटरी निवलेली असते आणि ती काठोकाठ भरून तासन्‌तास पडून राहत नाही. लांबच्या प्रवासात वीज राखून ठेवण्याची सोय असेल, तर ती गावात शिरल्यावर वापरावी. आणि विजेवर किती अंतर गेलो, हे महिन्यातून एकदा वहीत टिपून ठेवावे. साक्षीदार नाही, तर आपणच साक्षीदार व्हावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या आयुष्यात विजेवर चालणारी वाहने आमच्यापेक्षा कितीतरी अधिक येणार आहेत आणि उन्हाळेही सौम्य होण्याची चिन्हे नाहीत. ही यंत्रे वाईट आहेत, असे मी कोठेही म्हटलेले नाही. पेट्रोलच्या गाडीपेक्षा त्यांच्यात शहाणपण अधिकच आहे. मात्र ती बहुतेक थंड देशांतल्या मोजमापांसह आपल्याकडे येतात. ती मोजमापे आपल्या हवामानात तपासून घेणे हे काम बाहेरचा कोणी आपल्यासाठी करणार नाही. ते तुम्हाला करायचे आहे. त्याची सुरुवात प्रयोगशाळेतूनच व्हायला हवी असेही नाही. ती एका प्रश्नातून होऊ शकते. कोणी पल्ल्याचा आकडा सांगितला, की नम्रपणे विचारावे: ‘किती तापमानाला?’ आकड्यामागचे एकक आणि अट विचारल्यावाचून उत्तर न स्वीकारणे, हीच गुरुजींनी या शाळेत लावलेली शिस्त होती, आणि तिचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग मला सुचत नाही.